साहेब उभे राहिले

धाकटे साहेब उभे राहिले, म्हणून नावेतले आम्ही सगळे उभे राहिलो, आणि नाव उलटली.

एवढंच झालं. नंतर लोक वाऱ्याचं बोलले, कुजक्या फळ्यांचं बोलले, कोणी पाण्याखाली गेलेल्या देवीच्या कोपाचं बोलले. वारा नव्हता. फळ्यांना माझ्या नवऱ्याने दसऱ्याच्या सुमारास डांबर लावलं होतं, मीच ते चुलीवर पातळ करून दिलं होतं. देवीचं मला माहीत नाही. समोरच्या काठावर वाडीतली माणसं जमली होती, त्यांना हात जोडायला साहेब उठले. ते उठले तसे आमचे सरपंच उठले. सरपंचांमागे गावातले चार-पाच बाप्ये उठले. हलगीवाला गळ्यात हलगी अडकवलेली तसाच उठला. माझी सासू ओवाळायचं ताट धरून उठली आणि तिच्या शेजारी मीही उठले. बसून राहिला एकटा माझा नवरा, कारण वल्हं त्याच्या हातात होतं. तो ओरडला, "खाली बसा. आरं, खाली बसा समदी." साहेबांनीही मागे वळून हात हलवला आणि म्हणाले, "अहो बसा, बसा." ते स्वतः उभेच होते. कोणी बसलं नाही.

माघाचं पाणी. आत गेल्यावर पहिल्यांदा ते भाजल्यासारखं वाटलं. मी नावेखाली गेले, डोक्याला फळी लागली, लुगडं पायांत गुंडाळलं. हाताला नावेचा दोर आला तो धरला. वर आले तेव्हा नाव पालथी होती आणि नवरा पाण्यात होता. त्याच्या एका अंगाला साहेब होते. त्यांना पोहता येत नव्हतं, कोट फुगून वर आला होता. दुसऱ्या अंगाला, तेवढ्याच अंतरावर, त्याची आई होती. तो साहेबांकडे गेला. केसांना धरून त्यांना नावेपाशी ओढलं आणि त्यांचे हात माझ्या हातांशेजारी दोरावर घातले. मग आईकडे वळला. तिथे आई नव्हती.

लोक असे कसे उठले, हे शहरातल्या माणसाला सांगून पटत नाही. त्यासाठी त्या घराण्याचं सांगावं लागतं.

घराणं जिल्ह्यातलं मोठं. थोरले साहेब, म्हणजे धाकट्यांचे वडील, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या निवडणुकीपासून आमदार. त्यांचा लोणावळ्याला बंगला होता आणि माझा बाप त्या बंगल्याचा राखणदार. आम्ही मागच्या खोल्यांत राहायचो. मी लोणावळ्याच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, मग आईबरोबर बंगल्यात झाडलोट करू लागले. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला घरची मंडळी यायची. बाकी वर्षभर बंगला आमचा आणि वटवाघळांचा.

बापाने मला अक्षरांच्या आधी उठायला शिकवलं. थोरले साहेब व्हरांड्यात आले की जो जिथे असेल त्याने उठायचं. एकदा माळी, ड्रायव्हर आणि माझा बाप मागे जेवायला बसले होते. थोरले साहेब काही कारणाने तिकडे आले. तिघे उठले. बापाच्या तोंडात घास होता, बोटांवरून आमटी गळत होती. साहेब म्हणाले, "बसा, जेवा." ते ड्रायव्हरशी बोलत राहिले आणि हे तिघे उभे राहिले. साहेब गेल्यावर बसले तेव्हा ताटात मुंग्या झाल्या होत्या. बापाने मुंग्या झटकल्या आणि तो जेवला.

धाकटे साहेब तेव्हा कॉलेजात होते, पास होत नव्हते. त्यांना मोटारींचा नाद. सुट्टीत आले की बंगल्याची जुनी गाडी उघडून तिच्याखाली निजायचे. मी पायरीवर तांदूळ निवडत होते, ते गाडीखालून बाहेर आले, मी उठले. हात काळे झाले होते. म्हणाले, "बस गं. मी काय हेडमास्तर आहे?" मी बसले. हे बापाने पाहिलं होतं. संध्याकाळी म्हणाला, "उठलीस ते बरं केलंस. मग बसलीस का?"

"त्येच म्हनले बस म्हनून."

"मोठ्या मानसानं बस म्हटलं म्हंजे बसायचं नसतं. ती त्येंची रीत. आपली रीत उभं ऱ्हायाची."

हे मला तेव्हाच पाठ झालं. मी एकटीच नाही, आमच्या खोऱ्यातल्या सगळ्यांना पाठ होतं. मोठ्यांचं 'बसा' म्हणजे नुसतं मान देणं. ऐकायचं, आणि उभं राहायचं.

थोरले साहेब गेले तेव्हा माझं लग्न होऊन मी लोहगडाच्या पलीकडे, खालच्या खोऱ्यात नांदत होते. सगळ्यांना वाटलं, तिकीट मोठ्या मुलाला मिळेल. तो धोरणी होता. पण त्याला स्वतः पुढे येण्यापेक्षा मागे राहून माणसं हलवायला आवडायचं, आणि धाकटा चेहऱ्याने हुबेहूब बापासारखा. म्हणून धाकट्याला उभं केलं.

त्यांची लोणावळ्याच्या बाजारातली पहिली सभा मी पाहिली. मी माहेरी आले होते, बापाबरोबर गेले. धाकटे साहेब बोलायला उठले आणि गप्प झाले. कागद हातात होता, तो वाचवेना. शेवटी त्यांनी कागद खिशात घातला, हात जोडले आणि नुसते उभे राहिले. माझ्याजवळ भाजीवाली होती, ती म्हणाली, "अगदी थोरल्यांवानी उभं ऱ्हात्यात." टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. बाप रडत होता. मला वाटलं, हा माणूस एक शब्द बोलला नाही आणि निवडून येणार. आले. त्या दिवसापासून त्यांना कळलं की आपल्याला एवढंच करायचं आहे. बोलणारे दुसरे होते. ते जिथे जात तिथे उभे राहून हात जोडत.

निवडणुकीला माणूस उभा राहतो, असंच आपण म्हणतो. माघार घेतली की म्हणतो, अमका बसला.

त्यांच्या काळात आमच्या खोऱ्याला रस्ता झाला नाही. धरण झालं. धरण त्यांनी आणलं असं मी म्हणत नाही, वरून ठरलं होतं. पण ते एकदाही आडवे आले नाहीत. आमची भातखाचरं पाण्याखाली गेली, गाव वर डोंगराला सरकलं, आणि जो नवरा नांगर धरत होता तो नाव चालवू लागला, कारण पलीकडच्या वाडीला जायला दुसरी वाट राहिली नाही. धरण भरल्यावर पुढची निवडणूक आली तेव्हा धाकटे साहेब आमच्याकडे आले. पलीकडच्या वाडीत डोंगरातली माणसं राहतात, त्यांची मतं कोणी मागायला जात नसे. या वेळी मोठ्या भावाने सांगितलं होतं, तिकडे जा.

सरपंचांनी मला बोलावलं. मी बंगल्यातली मुलगी, साहेबांच्या ओळखीची. मी आणि सासूने पलीकडे उतरल्यावर ओवाळायचं ठरलं. काठावर माणसं नावेत मावेनात एवढी झाली. नवरा म्हणाला, "दोन खेपा करू. निम्मी मागनं या."

कोणी हललं नाही. साहेबांच्या खेपेला जो जाईल तो साहेबांचा माणूस. दुसऱ्या खेपेला जायचं म्हणजे मागे राहायचं.

नवरा सरपंचांना म्हणाला, "आबा, तुमी दोन मानसांचं वजन. तुमीच मागनं या की."

"लेका, मी न्हाई म्हटल्यावर साहेबास्नी शेळ्या दाखवशील तू. मतं कोन दाखवंल?"

सगळे हसले. साहेबही हसले. हलगीवाला म्हणाला, "मी नावेत न्हाई बसत, मी वाजवत पवत येतो." त्याला ओढून आत घेतला, कारण हलगीशिवाय उतरलं तर शोभा नाही. सासू मला कानात म्हणाली, "ताट तू धरू नगं, तुझा हात कापतो." ताट तिने घेतलं. साहेब मधल्या फळीवर बसले आणि मला म्हणाले, "बाप बरा आहे ना तुझा?" मी म्हटलं, "व्हय." एवढंच आमचं बोलणं झालं. मग काठ जवळ आला, हलगी वाजली, आणि ते उभे राहिले.

काठावर काय झालं ते सांगते. वाडीतल्या माणसांनी आम्हाला बाहेर ओढलं. साहेबांना कांबळ्यात गुंडाळलं होतं, दात वाजत होते. सासू, सरपंच आणि हलगीवाला सापडत नव्हते. दुपार कलल्यावर फौजदार धरणाच्या लाँचने आला. त्याने विचारलं, कसं झालं. साहेबांनी लगेच सांगितलं, "मी उभा राहिलो. माझ्यामुळे झालं."

सरपंचांचा मुलगा गावातल्या आणखी दोघांबरोबर त्याच लाँचने आला होता. बाप अजून पाण्यात होता आणि हा पुढे होऊन म्हणाला, "न्हाई न्हाई, साहेब भेदरल्यात. साहेबांची काय चूक न्हाई. नाव जुनी."

दुसरा म्हणाला, "व्हय, नाव गळत हुती."

तिसऱ्याने माझ्या नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मानसं बी लय घेतली यानं."

हे तिघेही नावेत येण्यासाठी भांडलेले. त्यांतला एक तर नावेत होता, साहेबांच्या मागे उभा. साहेब परत म्हणाले, "अहो, मी उभा राहिलो." फौजदार म्हणाला, "तुम्ही आराम करा साहेब." आणि लिहून घेतलं, नाव जुनी.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो काहीतरी बोलेल असं मला वाटलं. फौजदाराने त्याला विचारलं तेव्हा तो पाण्याकडे बघत म्हणाला, "नाव माझी. चूक माझी." त्याला तिथूनच नेलं. त्याची आई दुसऱ्या दिवशी सापडली, त्याला दाखवायला आणलं तेव्हा पोलीस बरोबर होता.

मी पुष्कळ मरणं पाहिली आहेत. पण घरचं माणूस गेलं असताना ज्याच्यामुळे गेलं त्याची बाजू घेणारे, आणि तेही कोणी न सांगता, पैसा न घेता, मी त्या दिवशी पाहिले. मला रडू आलं नाही. मला काही कळतच नव्हतं.

निवडणूक झाली. धाकटे साहेब आधीपेक्षा जास्त मतांनी आले. लोक म्हणाले, देवाने वाचवलं म्हणजे काहीतरी कारण असणार. नवरा जामिनावर सुटून आला होता. हयगयीने माणसं मारली, असा खटला तालुक्याच्या कोर्टात चालणार होता. वकील म्हणाला, सगळे साक्षीदार नाव जुनी म्हणतायत, मी काय करू? शिक्षा होणार. मला दोन पोरं होती आणि खाचरं पाण्यात.

मी लोणावळ्याला गेले. लोहगडवाडीवरून खाली मळवलीला उतरले, तिथून गाडीने. बंगल्याच्या पायऱ्यांपाशी पोहोचले तेव्हा पाय भरून आले होते. बाप व्हरांड्यात होता. धाकट्या साहेबांचे मोठे भाऊ वेताच्या खुर्चीत पेपर वाचत होते. मी पायरीवर बसले.

बाप आधी हळू म्हणाला, मग मोठ्याने. "ऊठ गं. साहेब बसल्यात दिसत न्हाई?"

मी म्हटलं, "दिसतंय."

"मग ऊठ."

"न्हाई उठत. उठून सासू गेली."

बापाने माझा दंड धरला. जावई तुरुंगात जाणार होता आणि बाप मला पायरीवरून उठवत होता. त्याने सोडलं नाही. मोठ्या भावांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, "राहू दे तिला. काय पाहिजे बाई तुला? नवऱ्याचं बघू आम्ही. वरच्या कोर्टात करू काहीतरी."

आतून धाकटे साहेब आले. बाप एकदम ताठ झाला. धाकट्या साहेबांनी मला पाहिलं, बापाच्या हातातला माझा दंड पाहिला, आणि माझ्या खालच्या पायरीवर येऊन बसले. मोठे भाऊ म्हणाले, "हे काय चाललंय?"

धाकटे साहेब मला म्हणाले, "मी तेव्हाच सांगितलं होतं. तू होतीस तिथे."

"हुते. परत सांगा. कोर्टात सांगा, तितं लिवून घेत्यात."

मोठे भाऊ म्हणाले, "एकदा तसं बोललास की झालं. तीन माणसं तुझ्या नावावर. पुढच्या वेळी तिकीट कोण देईल?"

धाकटे साहेब पायरीवरच बसून राहिले. बोलणं त्यांना कधीच जमलं नाही. ते येतील की नाही हे मला कळलं नाही, आणि मी तशीच परत आले. बाप मला स्टेशनापर्यंत सोडायला आला नाही.

खटला उभा राहिला तो पावसाळा संपल्यावर. कोर्ट म्हणजे कौलारू खोली, मागे बाकं. गाव सगळा आला होता. साक्षीदार एकेक जाऊन नाव जुनी म्हणून आले. माझ्या नवऱ्याने मान वर केली नाही. मग धाकट्या साहेबांचं नाव पुकारलं. ते पुढच्या खुर्चीत बसले होते, ते उठून पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले.

बाकांवरचा सगळा गाव उभा राहिला.

न्यायाधीशांनी वर पाहिलं. म्हणाले, "खाली बसा." कोणी बसलं नाही. पट्टेवाला ओरडला, "बसा रे खाली." साहेबांनी मागे वळून पाहिलं आणि सवयीने म्हणाले, "अहो बसा, बसा." कोणी बसलं नाही.

न्यायाधीश चिडले. सरपंचांचा मुलगा पुढे होता, त्याला विचारलं, "तुम्ही का उभे आहात?"

"साहेब उभं हायती जी."

"मी बसा म्हणतोय ना?"

"व्हय जी. पर साहेब उभं हायती."

मागे कोणी हसलं नाही. न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. ते या बाकावरून त्या बाकाकडे बघत गेले. धाकटे साहेब पिंजऱ्याची लाकडी पट्टी धरून होते. ते म्हणाले, "नावेत हे असंच झालं. नावाडी बसा म्हणाला. मीही म्हणालो. मी उठलो नसतो तर कोणी उठलं नसतं. नाव चांगली होती." आणि मग त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं, न अडखळता. माणसं जास्त का भरली, तो दोन खेपा करू म्हणत होता, हेही. न्यायाधीश लिहीत होते.

सरपंचांचा मुलगा मध्येच खाली बसला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आपला बाप कशाने गेला हे त्याला तेव्हा, तिथे कळलं. तोपर्यंत त्याला खरोखरच वाटत होतं की नाव जुनी होती. त्याला बसलेला पाहून बाकीचे एकेक बसले.

मग पट्टेवाला माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "बाई, तुम्हीपण बसा आता." मी उभी होते. कधी उठले ते मला आजही आठवत नाही. लोणावळ्याच्या पायरीवर बापाचं न ऐकणारी मी, सासूला पाण्यात सोडून आलेली मी, तिथे इतरांबरोबर उठले होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

नवरा सुटला. तो नाव पुन्हा चालवू लागला, कारण पलीकडे जाणाऱ्यांना दुसरा उपाय नव्हता. मी एकदा त्याला विचारलं, आईला सोडून साहेबांकडे का गेलास. तो म्हणाला, "जे हाताला लागलं ते काढलं." मी दोराला धरून बघत होते. दोघं सारख्याच अंतरावर होते. मी पुन्हा विचारलं नाही.

धाकट्या साहेबांना पुढच्या निवडणुकीत तिकीट मिळालं नाही. मोठ्या भावाचा मुलगा उभा राहिला, निवडून आला, आणि आजही त्याच घरातलं कोणी ना कोणी असतं. धाकटे साहेब बंगल्यात राहिले, मागे शेड टाकून मोटारी दुरुस्त करत. लोक त्यांना वेडे म्हणायचे. काही जण त्यांना देवमाणूस म्हणतात, ते मला पटत नाही. तीन माणसं त्यांच्या उठण्याने गेली. एवढं खरं की माझ्यामुळे झालं, हे ते म्हणाले. माझा बाप शेवटपर्यंत त्यांच्यासमोर बसला नाही, आणि शेवटपर्यंत माझ्याशी धड बोलला नाही.

त्या पाण्यातून धाकटे साहेब, माझा नवरा, गावातले ते बाप्ये आणि मी वर आलो. ते सगळे नंतर एकेक गेले, आपापल्या घरी, खाटेवर. आता त्या नावेतली मी एकटी आहे.